तंगूस, दोर आणि तार: मालवणच्या पाण्यात कापायचं हत्यार निवडताना

पार्श्वभूमी

मालवण-तारकर्लीच्या पट्ट्यात ऑक्टोबर ते मे स्कूबा डायव्हिंग चालतं. त्यातला मोठा भाग पर्यटकांच्या पहिल्यावहिल्या डुबकीचा असतो: सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, उथळ पाण्यात, इन्स्ट्रक्टरने धरून ठेवलेलं असताना. पण कोर्स करून प्रमाणपत्र घेतलेले डायव्हरही येतात आणि त्यांना किनाऱ्यापासून लांबच्या खडपांवर, म्हणजे पाण्याखालच्या खडकाळ जागांवर, नेलं जातं. हे प्रकरण अशाच एका फेरीचं आहे. माणसांची नावं, होडी, डाइव्ह सेंटर आणि खडपाची नेमकी जागा दिलेली नाही. मी स्वतः त्या दिवशी पाण्यात नव्हते. नंतर हत्यारांची निवड करायला सेंटरने मला बोलावलं, तेव्हा तिघांशी स्वतंत्रपणे बोलून आणि त्यांच्या डाइव्ह कॉम्प्युटरवरच्या नोंदी पाहून हे लिहिलं आहे.

पाण्यात तिघं होते. पुण्याहून आलेली एक डायव्हर, तिचा नेहमीचा बडी, म्हणजे पाण्यातला जोडीदार, आणि स्थानिक गाइड. गाइड मच्छीमार घरातला. लहानपणी रापण ओढलेली, जाळी विणलेली, मग डाइव्हमास्टर झालेला. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

तिघांकडेही कापायला काही ना काही होतं. तिच्या उजव्या पोटरीला, बाहेरच्या बाजूने, रबरी पट्ट्यांनी बांधलेली मोठी स्टीलची सुरी होती. बडीकडे टायटॅनियमची छोटी, बोथट टोकाची सुरी, बीसीडीच्या (हवा भरून तरंगणं सांभाळायच्या जॅकेटच्या) डाव्या खांद्याच्या पट्ट्यावर. पात्याची एक बाजू साधी, दुसरी दातेरी. गाइडच्या बीसीडीच्या खिशात जाळी दुरुस्त करताना वापरतात तसली एक साधी कात्री होती, वीतभर दोरीने आत बांधलेली. होडीवरच्या तपासणीत हवा, वजनं, बकल सगळं पाहिलं गेलं होतं. कापायचं हत्यार कुणाकडे कुठे आहे, हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

अडचण कशातून उभी राहिली

मालवणच्या समुद्रात डायव्हर गुंततो तो बहुतेक वेळा मासेमारीच्या साहित्यात. हे साहित्य एका जातीचं नसतं आणि सगळा प्रश्न इथूनच सुरू होतो.

आपल्याकडे ज्याला तंगूस म्हणतात तो नायलॉनचा एकेरी, पारदर्शक धागा. गळाला तोच आणि अडकवणीच्या जाळ्यांच्या आसांनाही, म्हणजे घरांनाही, तोच. पाण्यात तो दिसत नाही म्हटलं तरी चालेल. नायलॉन समुद्राच्या पाण्यापेक्षा जड असतं, म्हणून सुटलेलं जाळं खाली बसतं. पण जाळ्याच्या वरच्या काठाचा दोर बऱ्याचदा पॉलिप्रॉपिलीनचा असतो आणि तो पाण्यापेक्षा हलका. त्यामुळे खडपावर अडकून तुटलेलं जाळं कित्येकदा आडवं पडत नाही. खालचा काठ शिशाच्या वजनांनी खडकात रुततो, वरचा दोर आणि उरलेसुरले बोये त्याला उभं धरतात, आणि मधे दिसेल न दिसेल असा पडदा लोंबत राहतो. तिसरा प्रकार तारेचा. सुरमईसारख्या दातेरी माशासाठी गळाच्या आधी तारेचा तुकडा लावतात, तो तुटून खाली पडलेला असतो. हल्ली हौशी गळवाल्यांमुळे वेणी घातल्यासारखी बारीक, अतिशय चिवट दोरीही खाली सापडते.

तंगूस, जाड दोर, तार, वेणीची दोरी. चारही कापायची रीत वेगळी. बाजारात मात्र सगळं ‘डायव्हिंग नाइफ’ या एकाच नावाखाली विकलं जातं.

त्या दिवशी काय झालं

जानेवारीची सकाळ. खोली १४ मीटर, दृष्टी चार-पाच मीटर, तळाशी पाण्याची हलकी पण सतत ओढ. गाइडने एका कपारीत शेवंड (लॉबस्टर) दाखवली. बडीने पाहिली, मग ती पुढे झाली. कपारीच्या वरच्या ओठावरून जाळ्याचा एक तुकडा लोंबत होता. तो तिघांपैकी कुणालाही आधी दिसला नाही.

मागे सरकताना तिच्या उजव्या फिनच्या बकलात जाळ्याचा आस अडकला. तिने पाय झटकला. पायाला ओढ लागली तशी काय झालं ते पाहायला ती कमरेतून वळली, आणि वळताना लोंबतं जाळं सिलेंडरच्या व्हॉल्व्हवर आणि रेग्युलेटरच्या, म्हणजे श्वासयंत्राच्या, सिलेंडरला जोडलेल्या पहिल्या टप्प्यावर गुंडाळलं गेलं. आता ती दोन ठिकाणी बांधली गेली होती: पायाशी आणि डोक्यामागे.

तिचा हात सुरीकडे गेला. सुरी उजव्या पोटरीवर, आणि उजवाच पाय अडकलेला. पाय जवळ घेता येईना. खाली वाकावं तर व्हॉल्व्हला अडकलेलं जाळं मागे खेचत होतं. बोटं म्यानापासून वीतभर अलीकडे थांबली. हवेत उभं राहून पोटरीची सुरी सहज हाताला लागते, पाठीवर सिलेंडर आणि त्यालाच ओढ असली की लागत नाही.

बडी जवळ आला, सुरी काढली आणि पायाजवळच्या जाळ्यावर चालवायला लागला. साधी धार तंगुसावरून नुसती घसरत होती. दातेरी बाजू पकडत होती, पण जाळं सैल असल्याने सुरीबरोबर पुढे-मागे जात होतं. नायलॉन तुटण्याआधी बरंच ताणलं जातं, आणि ताण द्यायला दुसरं टोक कुणी धरलेलं नव्हतं. एक-दोन आस तुटले, तेवढ्यात ओढीने जाळ्याचा आणखी घोळ त्याच्या हातावर आला. इथे त्याने जे केलं ते मला या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. तो थांबला, हात मागे घेतला आणि सुरीच्या मुठीने स्वतःच्या सिलेंडरवर ठोकून गाइडला बोलावलं.

गाइडने आधी तिच्या डोळ्यांसमोर येऊन तळहात दाखवला: थांब, हलू नकोस. तिचा हवेचा गेज पाहिला. ९० बार. स्वतःचा ऑक्टोपस, म्हणजे श्वास घ्यायचा जादा मुखवटा, सोडवून तिला दिसेल असा छातीवर ठेवला. बडीला खूण करून तिचा दंड धरायला आणि गेजवर नजर ठेवायला सांगितलं. मग कात्री काढून तो मागून वर गेला आणि व्हॉल्व्हवरचा घोळ मूठभर मूठभर धरत कापत सुटला. कात्रीला जाळं ताठ असायची गरज नव्हती. दोन पाती धाग्याला दोन्हीकडून दाबतात, धागा पळणार कुठे.

व्हॉल्व्ह मोकळा झाला. पायाशी मात्र जाळ्याबरोबर वरच्या काठाचा दोरही बकलातून गेलेला निघाला, करंगळीएवढा जाड. कात्री त्यावर नुसती चावत राहिली. गाइडने बडीकडे हात केला, त्याची सुरी घेतली, आणि ओढीने ताठ झालेल्या त्या दोरावर दातेरी बाजू चालवली. काही फटक्यांत दोर तुटला.

अडकल्यापासून सुटेपर्यंत चार मिनिटांच्या आसपास गेली. सुटली तेव्हा तिच्याकडे ६० बार होते. तिघं सावकाश वर आले, ५ मीटरवर तीन मिनिटं थांबले आणि होडीत चढले. इजा कुणालाच नाही. रेग्युलेटरच्या होजवर कापल्याची खूण नाही, हे मी स्वतः तपासलं.

त्या चार मिनिटांतले निर्णय

आधी हवेचा हिशेब, कारण बाकी सगळे निर्णय त्याच्या आत बसतात. सिलेंडर ११.१ लिटरचा, म्हणजे ९० बारला साधारण १००० लिटर हवा. १४ मीटरवर दाब २.४ बार. घाबरलेला माणूस पृष्ठभागाच्या मापाने मिनिटाला ३५ लिटर सहज ओढतो, म्हणजे त्या खोलीवर ८४ लिटर. ५० बारची राखीव हवा सोडून तिच्याकडे जेमतेम पाच मिनिटं होती आणि सगळी धरली तर बारा. शांत श्वास घेणाऱ्याला हाच वेळ जवळपास दुप्पट मिळतो. गाइडने कात्री काढण्याआधी तिला थांबवण्यात जी दहा-पंधरा सेकंदं घालवली, ती वाया गेली नाहीत, त्यांनी मिनिटं मिळवून दिली.

दुसरा निर्णय कापण्याच्या जागेचा. पायाशी अडकलेलं तिला दिसत होतं, जाणवत होतं, म्हणून बडीने तिथून सुरुवात केली. गाइड आधी व्हॉल्व्हकडे गेला. मला गाइडचा क्रम बरोबर वाटतो. पाय अडकलेला माणूस वळू शकतो, खाली पाहू शकतो, वेळ आली तर फिन काढून टाकू शकतो. व्हॉल्व्हवर अडकलेल्याला यातलं काहीच जमत नाही, आणि तिथेच हवेच्या होज असतात.

तिसरा निर्णय न घेतलेल्या वाटेचा: बीसीडी अंगातून काढून गुंता सोडवायचा. प्रशिक्षणात हे शिकवतात. तिने नंतर सांगितलं की हा विचार तिच्या मनात आला होता आणि तिने तो बाजूला ठेवला. तिची वजनं कमरेच्या पट्ट्यात होती, त्यामुळे बीसीडी काढल्यावर ती वर उडाली नसती. वजनं बीसीडीच्याच खिशांत असती, तर वेटसूटमधला माणूस वर आणि बीसीडी खाली अशी गत झाली असती. तरीही सैल जाळ्याच्या आत जॅकेट काढणं म्हणजे आणखी दहा पट्टे आणि बकलं त्या जाळ्याला देणं. मदतीला दोन माणसं हजर असताना तिने हे केलं नाही, ते योग्यच झालं.

आणि फिन? पायाचा फिन काढून टाकला असता तर दोर कापायची वेळच आली नसती. तिघांपैकी कुणालाही हे तेव्हा सुचलं नाही.

हत्यारांचे पर्याय

किनाऱ्यावर आल्यावर सेंटरने ठरवलं की सगळ्या गाइड-इन्स्ट्रक्टरांसाठी एक नेम ठरवायचा आणि पाहुण्या डायव्हरांनाही तोच सांगायचा. चर्चेत होडीचा तांडेलही बसला होता. त्याने पहिल्याच मिनिटाला निकाल दिला: “तंगूस सुरयेक ऐकणा नाय, कातरेक ऐकता.” हयात जाळ्यांत गेलेल्या माणसाचं हे म्हणणं होतं. पण त्याच दिवशी दोराने कात्रीलाही दाद दिली नव्हती, तेव्हा एवढ्यावर थांबता येत नव्हतं.

*मोठी सुरी.* ती घेणाऱ्याला भरवसा देते, आणि तो भरवसाच मला खटकतो. तिचं वजन, तिचे पट्टे, पोटरीवर बाहेर आलेली मूठ, हे सगळं स्वतःच जाळ्याला आमंत्रण. पोटरीवर बांधायचीच असेल तर आतल्या बाजूने बांधतात ती याच कारणासाठी. टोकदार पात्याचा पाण्याखाली फार थोडा उपयोग असतो, आणि घाईत स्वतःचा किंवा बडीचा वेटसूट, बीसीडीची हवेची पिशवी, होज यांपैकी काहीही भोसकलं जाऊ शकतं. एक गुण मात्र निर्विवाद: लांब दातेरी पातं ताठ दोरावर सगळ्यात चांगलं चालतं.

*छोटी बोथट टोकाची सुरी.* छाती-पोटावर बसते, दोन्ही हातांना लागते. धातूचा प्रश्न येतो तो इथे. ४२० जातीचं स्टील धार चांगली धरतं पण खाऱ्या पाण्यात गंजतं. ३०४ कमी गंजतं पण मऊ असल्याने धार लवकर जाते. टायटॅनियम गंजत नाही, पण नेहमीच्या मिश्रधातूंत त्याची साधी धार स्टीलइतकी टिकत नाही, काम करतात ते दाते. बडीच्या सुरीचं नेमकं हेच झालं होतं. एच-१ नावाचं एक स्टील आहे, त्यात कार्बनच्या जागी नायट्रोजन वापरतात आणि ते गंजायचं नावच घेत नाही. पण किंमत पाहून सेंटरने तो विचार सोडला. मिटणाऱ्या सुऱ्या पहिल्या फेरीतच बाद केल्या: उघडायला बहुधा दोन हात लागतात.

*लाइन कटर.* प्लास्टिकच्या मुठीत, दोन जिभांच्या खाचेत लपवलेलं पातं. बोट कापत नाही, होज खाचेत शिरत नाही, मनगटावर किंवा खांद्याच्या पट्ट्यावर बसतो. ताठ तंगूस आणि वेणीची दोरी एका ओढीत जाते. मर्यादा खाचेच्या रुंदीची: तिच्यात जे मावत नाही ते कापलं जात नाही. काहींत सिरॅमिकचं पातं असतं, ते गंजत नाही पण ठिसूळ असतं. ज्यांची पाती बदलता येतात ते आम्ही पुढच्या विचारासाठी ठेवले.

*ट्रॉमा कात्री.* अपघातातल्या रुग्णाचे कपडे कापायला रुग्णवाहिकेत ठेवतात ती, खालच्या पात्याला चपटं टोक असलेली. काहीशे रुपयांत मिळते. सैल जाळं, पट्टे, वेटसूट, बारीक तारसुद्धा कापते. दोष दोन. खिळ्यापाशी ती गंजते आणि एक दिवस उघडतच नाही. आणि ती कापते थोडं थोडं, त्यामुळे मोठ्या घोळाला वेळ लागतो.

*कटर पक्कड.* तारेला हाच खरा इलाज. पण तार इथे क्वचित लागते, आणि प्रत्येकाच्या अंगावर तिसरं हत्यार म्हणजे लोंबणाऱ्या वस्तूंत तिसरी भर.

कागदावरून पाण्यात

कुठल्याही निवडीआधी मी एकच अट घातली होती: सगळी हत्यारं इथल्याच टाकाऊ जाळ्यांवर, पाण्याखाली, प्रत्येकाने स्वतःच्या हाताने चालवून पाहायची. बंदरात फाटक्या जाळ्यांची कमतरता नव्हती. एका वाळूच्या, शांत जागी तीन मीटर पाण्यात वजनं लावून एक चौकट उभी केली, तिच्यावर जाळं सैल टांगलं, शेजारी दोर ताठ बांधला. गुंतवून घ्यायचं नाही, फक्त कापायचं, आणि प्रत्येक जोडीमागे एक सुरक्षेचा माणूस. आधी सरळ हाताने, मग डाव्या हाताने, मग हातमोजे घालून, शेवटी डोळे मिटून.

डोळे मिटून हत्यार काढायला सांगितलं तिथे चित्र पालटलं. कमरेच्या पट्ट्यावर उजवीकडे मागे लावलेली कात्री डाव्या हाताला लागतच नव्हती. खिशातली कात्री सापडायची, पण तिच्याबरोबर स्लेट, टॉर्च आणि पिशवीची दोरीही बाहेर यायची. पोटाच्या मध्यरेषेवर, बकलाच्या डावी-उजवीकडे चार बोटांत जे होतं, ते दोन्ही हातांना, वाकलेल्या अवस्थेतही मिळालं. धार किती हे त्याच्यानंतर पाहायचं. हाताला न लागणारी चांगली धार आणि घरी विसरलेली सुरी यांत फरक नाही.

लाइन कटरने एकेका ताठ धाग्यावर सगळ्यांना मागे टाकलं. सैल जाळं मात्र तो खाचेत गोळा करायचा आणि बोळा होऊन अडकायचा. एका गाइडने यावर युक्ती शोधली: मोकळ्या हाताच्या मुठीत जाळं धरून मनगट पिळायचं, मुठीपुढचा भाग ताठ होतो, तिथे कटर ओढायचा. हीच युक्ती सुरीलाही लागू पडली. त्या दिवशी बडीला एवढं माहीत असतं तर त्याची सुरीही बऱ्यापैकी चालली असती.

कात्री सैल जाळ्यावर अपेक्षेप्रमाणे उत्तम. पण ५ मिलिमीटरचे हातमोजे चढवल्यावर लहान मुठीच्या कात्रीत बोटं जाईनात. आपल्या पाण्याला एवढे जाड मोजे लागत नाहीत, तरी बारीक मोजे घालूनही मोठी मूठ सोयीची पडली, म्हणून तीच ठरली. म्यानातून काढताना ती दोनदा हातातून सुटली. मग दोरी बांधायची का, यावर बराच वाद झाला. लांब दोरी म्हणजे आणखी एक गुंतणारी गोष्ट, दोरीच नसली तर हत्यार १४ मीटरवरून गेलं ते गेलं. शेवटी हात पुढे लांब करता येईल एवढीच, म्यानात दुमडून बसणारी बारीक दोरी ठेवली, आणि वेळ आली तर ती हिसक्याने तुटेल अशा कच्च्या गाठीने बांधली.

काय ठरलं

प्रत्येकाकडे दोन हत्यारं, दोन जातींची, दोन जागी. पोटावर कमरपट्ट्याला मोठ्या मुठीची ट्रॉमा कात्री. खांद्याच्या पट्ट्यावर, छातीच्या उंचीला, लाइन कटर. प्रत्येक गटाच्या गाइडकडे याशिवाय एक छोटी दातेरी सुरी, दोरासाठी. कटर पक्कड होडीवरच्या पेटीत.

कात्र्या खर्चाच्या खात्यात धरल्या. रोज गोड्या पाण्यात बुचकळायच्या, म्यानातून काढून वाळवायच्या, खिळ्याला सिलिकॉन ग्रीस, आणि गंजो न गंजो, हंगाम सुरू होताना नव्या. लाइन कटरची पाती त्याच वेळी बदलायची.

होडीवरच्या तपासणीत एक प्रश्न वाढला: “कापायचं कुठे आहे?” बडीने तोंडाने उत्तर द्यायचं नाही, हात लावून दाखवायचं, आणि दुसऱ्यानेही एकदा हात लावून पाहायचा. विमानाने येणाऱ्या पाहुण्यांना आरक्षणाच्या वेळीच सांगितलं जातं की सुरी-कात्री केबिनच्या बॅगेत चालणार नाही, चेक-इनच्या सामानात टाका. नाहीतर विमानतळावर जप्त होते आणि माणूस रिकाम्या हाताने पाण्यात उतरतो.

एक नेम हत्याराचा नाही, तरी तो लिहायलाच हवा. चालू जाळं आणि बेवारस जाळं यांत फरक करायचा. चालू जाळ्याला नीट बोये असतात, बावटा असतो, आसपास होडी असते. जाळं हे एखाद्या घराचं वर्षभराचं पोट असतं. माणूस अडकला असेल तर कुठलंही जाळं बेधडक कापायचं, पण वर आल्यावर जाळ्याच्या मालकाला शोधून सांगायचं आणि नुकसानीचं बोलायचं. अडकलेलं कुणी नसेल तर चालू जाळ्याला हात लावायचा नाही. डायव्हर आणि मच्छीमार यांचं या किनाऱ्यावर पटायचं असेल तर हे पाळावंच लागेल. गाइडांपैकी बहुतेकांची घरं दोन्हीकडे आहेत.

परिणाम

त्याच हंगामात मार्चमध्ये एका गाइडच्या फिनला गळाचा ताठ तंगूस गुंडाळला गेला. खांद्यावरचा कटर काढून त्याने तो एका ओढीत तोडला आणि डाइव्ह तशीच पुढे गेली. एवढं किरकोळ की त्याने संध्याकाळी आठवणीने नोंदवहीत लिहिलं नसतं तर कळलंही नसतं.

उलट बाजूही नोंदवते. महिन्याच्या तपासणीत दोन कात्र्या खिळ्यापाशी पक्क्या झालेल्या सापडल्या. दोन्ही नियमाने पाण्यात बुचकळलेल्या, पण ओल्याच म्यानात परत घातलेल्या. त्यानंतर तपासणीत नुसतं पाहायचं नाही, जाळ्याचा तुकडा कापून दाखवायचा असं ठरलं. पुण्याच्या डायव्हरने पोटरीची सुरी काढून टाकली आणि सेंटरसारखीच जोडी घेतली. बडीने टायटॅनियमची सुरी ठेवली, शेजारी कात्री लावली.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, कपारीच्या ओठाखाली जाताना वर पाहणं. खडपावरच्या लोंबत्या जाळ्याचा पहिला पुरावा बहुतेक वेळा धागा नसतो. उभा राहिलेला दोर, शेवाळलेला बोया, किंवा एका जागी हेलकावणारा मेलेला मासा असतो. गाइडने आता कपार दाखवण्याआधी टॉर्च वरून आडवा फिरवायचा असतो, कारण तिरप्या उजेडात तंगूस चमकतो.

तिने वळायला नको होतं. पण हे सांगून उपयोग नसतो, कारण ओढ लागली की प्रत्येक जण वळतो. त्याची सवय पाण्यातच मोडावी लागते. सेंटरच्या उजळणीत आता पाठीमागून कुणीतरी फिन हळूच धरतं आणि डायव्हरने जागच्या जागी थांबून हात वर करायचा असतो. वळला तर पुन्हा.

बडीने ठोकण्याआधी मिनिटभर सुरी चालवली. ते मिनिट वाचवता आलं असतं. आधी गाइडला बोलवायचं, मग कापायला घ्यायचं, हा क्रम तिघांच्या गटात सोपा आहे. दोघांच्याच गटात तो लागू होत नाही, तिथे बडीच्या हातातलं हत्यार हेच शेवटचं. म्हणून दोघंच उतरणाऱ्या अनुभवी जोड्यांनाही सेंटर दातेरी सुरी देतं.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. पहिली डुबकी घेणाऱ्या पाहुण्याला धरून नेणाऱ्या इन्स्ट्रक्टरचा एक हात कायम पाहुण्याच्या व्हॉल्व्हवर असतो आणि दुसरा त्याच्या बीसीडीच्या बटणावर. त्या पाहुण्याच्या अंगावर कुठलंच हत्यार द्यायचं नाही, हे योग्यच आहे. मग इन्स्ट्रक्टरचा कटर कुठे हवा? डाव्या खांद्यावर ठेवला तर व्हॉल्व्ह सोडावा लागतो, उजव्यावर ठेवला तर हवेचं बटण. सध्या काही जण तो डाव्या मनगटावर कॉम्प्युटरच्या पट्ट्याला लावून पाहत आहेत. उजव्या हाताने बटण क्षणभर सोडून तो निघतो आणि व्हॉल्व्हवरचा हात हलत नाही. अडचण एवढीच की पाहुणे घाबरले की नेमकं तेच मनगट घट्ट धरतात. पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत, पाहुण्याच्या जागी दुसऱ्या गाइडला घेऊन, मनगट धरलेल्या अवस्थेत कटर काढता येतो का, याची चाचणी त्याच चौकटीवर करायची आहे.